देवगिरीच्या पायथ्याशी समुद्र

औरंगाबादेत समुद्र नाही. हे मला माहीत आहे आणि माझ्या काकांनाही माहीत होतं. तरी त्यांनी तो आणला. देवगिरीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, जिथं आज सीताफळाची झाडं आहेत, तिथं त्यांच्या कादंबरीत लाटा आपटतात आणि त्या लाटांवरून परक्या मुलखाची जहाजं किल्ला घ्यायला येतात. मूळ गोष्ट ग्रीकांच्या जुन्या लढाईची. एका बाईवरून पेटलेलं भांडण, वर्षानुवर्षांचा वेढा, शेवटी लाकडी घोडा आणि घोड्याच्या पोटात शिपाई. काकांनी ती लहानपणी शाळेत उर्दूत वाचली होती. नोकरी संपल्यावर त्यांनी ठरवलं, की ही लढाई मराठीत लिहायची आणि आपल्या मुलखात आणून बसवायची.

"काका, लोक हसतील. समुद्र कुठून आणणार?" मी विचारलं होतं.

"किल्ला आहे ना आपल्याकडं? खंदक आहे ना? नुसतं पाणीच तर वाढवायचंय," ते म्हणाले. "त्यात काय मुश्कील आहे?"

मी तेव्हा कॉलेजसाठी औरंगाबादच्या छावणी भागात काका-काकूंकडं राहत होते. राहत होते म्हणजे जेवायला आणि झोपायला असायचे. बाकी वेळ चळवळ. एका भाषेचं एक राज्य झालं पाहिजे, मराठवाड्याच्या पोरांना मराठीत शिक्षण मिळालं पाहिजे, बायांना लिहिता-वाचता आलं पाहिजे, अशी पत्रकं मी लिहायची, छापून आणायची आणि बाजारात वाटायची. पत्रक लिहिणाऱ्याची एक सवय असते. वाक्य लांबलं की कुणी वाचत नाही, म्हणून प्रत्येक वाक्यानं कुणाला तरी थोबाडीत मारायची. ती सवय माझी अजून गेलेली नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

काकांची गोष्ट सांगायची तर आधी वैजापूरच्या कचेरीची सांगावी लागेल. निजामाच्या अमलात काका तिथं कारकून होते. कामकाज सगळं उर्दूत. शेतकरी यायचा, आपली तक्रार मराठीत सांगायचा, काका ती उर्दूत लिहायचे आणि मग तोच कागद हातात धरून त्याला मराठीत वाचून दाखवायचे. त्यानं मान डोलावली की अंगठा. एका अख्ख्या मुलखाला आपल्याच अर्जात काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत होतं. हे मी पत्रकात अनेकदा लिहिलंय, इथंही लिहिते, कारण ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते ते लोक अजून खुर्च्यांवर आहेत.

पोलीस ॲक्शन झाली. कचेरीत हळूहळू मराठी आली आणि काकांना पोरासोरांच्या शेजारी बसून मराठीची परीक्षा द्यावी लागली. ते पास झाले. पण हात उर्दूचाच राहिला. बोलणं, विचार करणं मराठीत, आणि लिहायला बसले की कलम उजवीकडून डावीकडं धावायची. कादंबरी त्यांनी तशीच लिहिली, भाषा मराठी आणि अक्षरं उर्दूची. जगात ती वाचू शकणारा माणूस एकच, ते स्वतः. म्हणून ते वाचून दाखवायचे आणि मी नागरीत उतरवून घ्यायची.

आणि मी उतरवलेलं काकू वाचायची. यातच सगळी मेख होती.

काकू पाचोडची. शेतकऱ्याघरची, शाळेचं तोंड न पाहिलेली. मी ओसरीवर बायांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला तेव्हा ती पहिल्या दिवशी नुसती भाजी निवडायच्या निमित्तानं येऊन बसली, आणि वर्षभरात बाकीच्या बायांना "अगं, काना दिसंना का तुला" म्हणून झापायला लागली. ती वाचायची बोट ठेवून आणि मोठ्यानं. मजकूर पटला नाही की बोट थांबायचं.

काकांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. "हिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचलं तरच छापायचं. नाहीतर बासनात बांधून ठेवायचं."

"असं का?" मी म्हणाले. "काकूला नाही आवडलं तर मराठवाड्यानं वाचायचं नाही?"

"मी जन्मभर लिहिलं," काका म्हणाले. "ज्याच्यासाठी लिहिलं त्याला ते कधी वाचता आलं नाही. हे एक तरी तसं नको."

मी उतरवून घ्यायला कोरी वही काढली.

आमची पत्रकं छापणाऱ्या प्रेसवाल्याला मी पटवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "होळीपर्यंत मशीन मोकळं हाय, ताई. पुढं लग्नपत्रिका. लग्नपत्रिका सोडून मी देवाचंबी छापत नसतो." त्यामुळं होळीच्या आत काकूचं बोट शेवटच्या ओळीवर पोचायला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. काकांचे सरदार कचेरीतल्यासारखे बोलायचे. राजासमोर उभा राहून शूर वीर म्हणायचा, "अर्ज करण्यात येतो की, सदरहू किल्ला मजबूत असून शिड्या आखूड आहेत." मी म्हणायची, काका, लढाई आहे ही, इथं आग पाहिजे. मग उतरवताना मीच चार वाक्यं घालायची. 'रयतेच्या रक्तावर किती दिवस सिंहासनं टिकणार' वगैरे. काकूचं बोट नेमकं तिथं थांबायचं.

"हे तुझं हाय. ह्यांचं नाय."

"कशावरनं?"

"ह्यांची माणसं भांडताना खोकत्यात. तुझी खोकत नाय."

काका खूश व्हायचे आणि माझी वाक्यं कटायची.

ग्रीकांची नावं काकांनी घेतली नाहीत. उर्दू अक्षरांतून आलेली ती नावं त्यांना स्वतःलाच नीट म्हणता येत नव्हती. हल्ला करणाऱ्यांना यवन म्हणावं असं मी सुचवलं, कारण तो ग्रीकांसाठीचाच जुना शब्द. काका म्हणाले, "नको. आज तो शब्द लिहिला की लोक भलत्यालाच समजतील. आपल्या गल्लीत आधीच कमी जखमा नाहीत." तेव्हा एक सरदार नुसता रुसलेला सरदार होता, एक अकलेचा सरदार आणि एक थोरला राजा. ग्रीकांचे देव काकांनी आपल्याकडच्या देवांत मिसळून टाकले. पाण्यातल्या आसरा एका बाजूला, वेशीवरचा म्हसोबा दुसऱ्या बाजूला, आणि ते भाऊबंदांसारखे एकमेकांचं पाणी तोडायचे. काकूला हे पटायचं. "देव असंच करत्यात," असं म्हणून ती पान उलटायची.

घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. काकांनी पैठणला गोदावरीचा पूर पाहिला होता, तेवढ्यावर त्यांनी समुद्र उभा केला. जहाजं त्यांना वैजापुरात सापडली. मोंढ्याच्या बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, वर पांढरे ढीग, बैल सोडलेले, गाडीवान खाली झोपलेले. काकांनी लिहिलं, की निघायची वाट पाहत उभी असलेली जहाजं अशी दिसतात. मला ते वाचून पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस लेखक आहे. मी तसं बोलून दाखवलं नाही.

मग तो भाग आला.

जहाजं जमलीत, फौज जमलीय, पण वारा पडलाय. शिडं लोंबतायत. पुजारी सांगतो, देवी कोपलीय, थोरल्या राजानं आपल्या मुलीचा बळी दिला तर वारा सुटेल. राजा मुलीला लग्न ठरलंय असं खोटं सांगून बोलावून घेतो आणि बळी देतो. मूळ ग्रीकांतच हे असं आहे. काकांनी राजा रंगवला होता तो लाल डोळ्यांचा, झुपकेदार मिशांचा, हातात नंगी तलवार घेऊन गर्जना करणारा.

काकू निम्म्या पानावर थांबली. बोट उचललं. कागद घडी करून काकांच्या पुढं ठेवले.

"मी पुढं वाचणार नाय."

"वाईट वाटलं?" काकांनी विचारलं.

"वाईट वाटलं असतं तर वाचलं असतं. हे खोटं हाय. वाऱ्यासाठी कुणी पोटची लेक मारत नाय. माझं सारं लहानपण खळ्यावर गेलं. वारा पडला की भूस उडंना, उपणणी थांबती. माणसं बसत्यात, भाकरी खात्यात, पान-तंबाखू करत्यात. वारा आज नाय तर उद्या येतो. त्यात मारायचं काय?"

मी उसळले. "काकू, तेच तर दाखवायचंय. राजे लोक असेच असतात. जुलमी. स्वतःच्या स्वार्थासाठी लेकीबाळी..."

"तू गप. ह्यांना बोलू दे."

काकांनी कागद उचलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाग बदलला. ग्रीकांत अशीही एक कथा आहे म्हणे, की ऐन वेळी देवीला दया येते, ती मुलीला उचलून नेते आणि तिच्या जागी हरिण ठेवते. तलवार हरणावर पडते.

काकूनं वाचलं. "हरणानं काय केलं होतं?"

"अगं, मुलगी वाचली ना," काका म्हणाले.

"वाचली. पण बापानं तर तलवार उचललीच की. तुमी नुसतं तलवारीखालचं पोर बदललं."

मग काकांनी पुजाऱ्याला लबाड केलं, राजाला वेडं केलं, एकदा तर राजाला ताप आणला. काकूचं बोट त्याच पानावर अडायचं. होळी जवळ येत होती. प्रेसवाला रस्त्यात भेटला की भुवया उडवायचा. काका सकाळी उठून लिहायचे, दुपारी फाडायचे. कधी न चिडणारा माणूस चहा गार आहे म्हणून चिडला. मी काकूला एकटीला गाठून सांगितलं, "अगं, त्यांचा जीव अडकलाय त्यात. खोटं का होईना, वाचून टाक."

"तू वर्गात काय शिकवलंस मला?" काकू म्हणाली. "समजल्याशिवाय अंगठा द्यायचा नाय म्हणून शिकवलंस ना? हा माझा अंगठाच हाय."

माझंच पत्रक माझ्या तोंडावर.

शेवटी काकूनंच तोड काढली. "पाचोडला चला. माझ्या भावाचं खळं लागलंय. वारा पडल्यावर माणसं काय करत्यात ते डोळ्यांनी बघा, आन् मग लिवा."

आम्ही तिघं बसनं पाचोडला गेलो. काकूचे भाऊ म्हणजे मऊ माणूस. माझ्यासाठी त्यांनी गूळ-शेंगदाणे काढून ठेवले होते. सकाळी आम्ही खळ्यावर गेलो. बैलांनी तुडवलेल्या ज्वारीचा ढीग पडला होता, एक गडी उंच तिपाईवर चढून पाटी वाकडी करत होता, दाणे सरळ खाली आणि भूस वाऱ्यावर लांब. काका बाभळीखाली कागद घेऊन बसले. मी पिशवीतून साक्षरतेची पत्रकं काढली आणि गडीमाणसांत वाटत सुटले.

थोड्या वेळानं वारा पडला.

तिपाईवरचा गडी खाली उतरला. माणसं बसली. काकूनं काकांकडं पाहिलं, बघा म्हणून. सगळं तिनं सांगितल्यासारखंच चाललं होतं. भाकरी सोडली, तंबाखू मळली. एक म्हातारबा मला म्हणाले, "ताई, तुमचा कागद हातात घेतला आन् वारा गेला की."

सगळे हसले. मीही हसले. "वाचला असता तर आला असता, बाबा."

"वाचता येत नाय म्हणून तर गेला."

पुन्हा हसणं. ऊन वर आलं. पान हलेना. दुसरा कुणी म्हणाला, काल दिवसभर कसा मस्त सुटला होता. तिसरा म्हणाला, सकाळीबी होता की. मग एका बाईचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. खळ्यावर पायताण घालून जायचं नसतं, तिथं धान्य असतं. माझ्या पायात चपला होत्या आणि मी ढिगाच्या चारी बाजूंनी पत्रकं वाटत फिरले होते.

"चपला घालून फिरली व्हय रासंभोवती?"

या खेपेला कुणी हसलं नाही.

मी चपला काढल्या. आणि उभं राहून सांगायला लागले, की वारा चपलांमुळं जात नाही, हवा कशी तापते, कशी वर जाते, शाळेच्या पुस्तकात दिलेलं आहे. आवाज चढला होता माझा. मी जितकं सांगत होते तितकी माणसं माझ्याकडं न बघता ढिगाकडं बघत होती. आभाळात कुठंतरी एक ढग होता. अवकाळी पडली तर उघडी रास जाते, हे मला नंतर कळलं. त्यांना ते सकाळपासून ठाऊक होतं.

म्हातारबा काकूच्या भावाला हळूच काहीतरी म्हणाले. भाऊ माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा ओशाळलेला होता.

"माय, तू शिकलेली हायस. तुला काय सांगायचं," ते म्हणाले. "ह्या अडाण्यांचं मनावर घेऊ नको. पण तू जरा घरी जाऊन बसतीस का? माझा नाय बघ विश्वास असल्या गोष्टीवर. लोकांच्या समाधानासाठी. उन्हाचं तुलाबी बरं."

इतक्या मायेनं म्हणाले ते. मी काकांकडं पाहिलं. काका उठून उभे राहिले होते, हातातले कागद खाली पडले होते.

"ती कुठं जाणार नाही," काका म्हणाले. "ती माझ्यासोबत आलीय."

"भावजी, तुमी पावणे. पण रास माझी उघडी हाय."

काकू आपल्या भावाकडं बघत होती, जणू हा माणूस कोण, असं. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चल. मी येते तुझ्यासंगं."

आम्ही घरी जाऊन बसलो. आणि दुपार कलताना वारा सुटला.

याचा राग माझ्या मनात अजून आहे. सगळ्या चळवळीत मला लाठी बसलीय, शिव्या बसल्यात, पण त्या दिवशीच्या वाऱ्यानं केला तेवढा अपमान कुणी केला नाही. संध्याकाळी भाऊ आले ते नव्या ज्वारीची पाटी घेऊन, आणि ती माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "पहिला मान तुझा. तुझ्यामुळं रास झाली." खरंच प्रेमानं म्हणाले. मला ज्वारी त्यांच्या अंगावर ओतावीशी वाटली. काकूनं ती मुकाट पदरात घेतली.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होती. मी बडबडत होते, अंधश्रद्धेवर पत्रक काढते, पाचोडमध्येच वाटते. कुणी ऐकत नव्हतं. पाचोड बरंच मागं पडल्यावर काकू एकदम काकांना म्हणाली, "राजा तसा नसंल."

"कसा?"

"तुमी लिवलाय तसा. लाल डोळ्यांचा. तसा असता तर कुणी त्याचं ऐकलंच नसतं. लेकबी आली नसती. माझ्या भावासारखा असंल."

काका तिच्याकडं वळले. "हे लिहिलं तर तुला वाचवेल का?" त्यांनी विचारलं.

"ते मला आत्ता कसं सांगता येईल?"

घरी आल्यावर काकांनी मिशा, तलवार, गर्जना, सगळं काढलं. पुजारीही काढला. नव्या भागात जहाजांवरची माणसं पहिल्यांदा थट्टा करतात. शिडं लोंबतायत, पाणी तेलासारखं पडलंय, आणि कुणीतरी गमतीनं म्हणतो, राजाची लेक गलबतावर आली आणि वारा गेला. हसतात. ती पोरगीही हसते. मग दिवस जातात, पीठ संपत येतं, आणि तीच थट्टा कुणीतरी न हसता करतो. राजा मऊ माणूस आहे. तो लेकीजवळ येऊन म्हणतो, माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण लोकांच्या समाधानासाठी. आणि सगळ्यात शेवटी वारा सुटतो. हे वाचून दाखवताना काकांचा आवाज कचेरीतल्यासारखा सपाट होता. मी उतरवत होते. एकही वाक्य माझं घातलं नाही. घालावं असं काही सापडलंच नाही. आपण ज्याच्यावर रागावतो तो माणूस लाल डोळ्यांचा असला की पत्रक लिहायला सोपं जातं. हा राजा पत्रकात मावत नव्हता.

होळी झाली. प्रेसवाल्याच्या मशीनवर लग्नपत्रिका चढल्या. तो म्हणाला, "बघा बुवा, मधल्या मधल्या वेळात चार-चार पानं काढीन, पण कागद हातात तर येऊ द्या."

काकूनं दुपारी भांडी आवरून ओसरीवर कागद घेतले. काका समोर सुपारी कातरत बसले. कातरणं संपलं तरी अडकित्ता चालूच होता. मी दाराशी टेकून उभी.

ती वाचत गेली. थट्टेच्या जागी तिला हसू आलं, मग ते गेलं. बापाच्या बोलण्यापाशी तिचं बोट थांबलं.

अडकित्ता थांबला.

काकूनं ती ओळ मनातल्या मनात वाचली असावी, कारण ओठ हलले आणि आवाज आला नाही. डोळ्यांना पदर लावला. भाऊ तो तिचा. मला वाटलं, आता घडी होणार आणि कागद काकांपुढं येणार. मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी ते मिटलं. मग काकूनं बोट ओळीच्या सुरुवातीला परत नेलं आणि तीच ओळ मोठ्यानं, प्रत्येक अक्षर सुटं करत वाचली. पुढची वाचली. वारा सुटला तिथवर वाचली. आणि पान उलटून पुढच्या भागाला लागली, जिथं जहाजं देवगिरीच्या दिशेनं निघतात.

काका उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली, कोटाची गुंडी चुकीच्या काजात अडकवली.

"कुठं निघालात?" काकूनं मान वर न करता विचारलं.

"प्रेसवाल्याकडं. सांगून येतो."

"काय सांगता? अजून लई पानं राहिलीत," ती म्हणाली. "बसा खाली."

काका टोपी घालूनच बसले.